स्लो कुकरमधलं बार्बेक्यू पुल्ड चिकन: आठ तास ठेवलं तर भुसा झाला, कुठं चुकलं?

मनीषनगर_किचन (शनिवार, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहून राहिली आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट सांगता येणार नाही म्हणून.

माझे बाबा ७८ वर्षांचे. सगळं आयुष्य नागपूरच्या महाल भागात गेलं आणि चिकन-मटण म्हणजे त्यांचा जीव की प्राण, रविवार म्हटला की सकाळीच पिशवी घेऊन निघायचे. डिसेंबरात त्यांचे उरलेसुरले दात काढले, कवळी केली पण ती हिरडीला टोचते म्हणून जेवताना काढून वाटीत ठेवतात, आणि मग वरण-भात नाहीतर दुधात कुस्करलेली पोळी. चिकनचा रस्सा भातावर घालून देते तो खातात पण पीस ताटाच्या कडेला सारतात, ते बघून मला कसंतरीच होतं. खिमा करून पाहिला तर म्हणे हे चिकन वाटतच नाही, नुसता चुरा आहे.

मग पुल्ड चिकनचे व्हिडिओ पाहिले. काट्यानं ओढलं की धागे सुटतात, चावायचं फारसं कामच नाही, वाटलं हेच पाहिजे आपल्याला. साडेतीन लिटरचा स्लो कुकर मागवला. काल रात्री ११ ला ८०० ग्रॅम बोनलेस ब्रेस्ट, बार्बेक्यू सॉसची अख्खी बाटली आणि एक कप पाणी घालून लो वर ठेवलं, सकाळी ७ ला उघडलं. म्हणजे आठ तास, रेसिपीत होते तसेच. धागे तर सुटले, हात लावायचा अवकाश, पण तोंडात घेतलं तर भुसा. एवढ्या सॉसमध्ये बुडालेलं चिकन कोरडं कसं होतं तेच मला कळेना. आणि सॉसचं झालं पाणी. बाबांनी एक घास घेतला, बराच वेळ तोंडात इकडून तिकडं केला, मग हळूच रुमालात काढला आणि म्हणाले, छान झालंय गं, पण पोट भरलं माझं. सकाळपासून त्यांनी फक्त चहा घेतला होता.

कुठं चुकलं सांगा. वेळ जास्त झाला का, पाणी घालायला नको होतं का, की आपल्याकडचं चिकनच याला चालत नाही? मे महिना आहे, ४५ डिग्रीत गॅससमोर उभं राहवत नाही, त्यामुळं हे यंत्र मला खरंच कामाचं वाटतं, परत करायचं नाहीये.

गोकुळपेठ_भाऊ (शनिवार, रात्री १०:४८)

ताई, ब्रेस्ट काऊन घेतलं? तिथंच अर्धं बिघडलं, बाकीचं आठ तासांनी बिघडवलं.

ब्रेस्टमध्ये चरबी नाही आणि चिवट पांढरा भाग असतो ना, कोलॅजन, तोही जवळजवळ नाही. मांडीत आणि तंगडीत तो भरपूर असतो. हा कोलॅजन ७० डिग्रीच्या वर हळूहळू विरघळायला लागतो आणि त्याचं जिलेटिन होतं, पायाचं सूप थंड झाल्यावर थिजतं ना, तेच ते. ते प्रत्येक धाग्याला माखून राहतं म्हणून मांडीचं मांस ९० डिग्रीपर्यंत गेलं तरी ओलं लागतं. ब्रेस्टचं तसं नाही, ते ७४ ला शिजून तयार, त्याच्यापुढं जितकं तापवाल तितकं त्याचं स्वतःचंच पाणी पिळून बाहेर निघतं. आणि एकदा पिळलेला धागा बाहेर कितीही सॉस असला तरी परत पीत नाही. म्हणून तुमचं चिकन कोरडं आणि सॉस पातळ, दोन्ही एकदमच झालं, जे मांसात राहायचं होतं ते सॉसमध्ये गेलं. वरून कपभर पाणी तुम्ही घातलं. स्लो कुकरमधून वाफ जवळजवळ जातच नाही, झाकणाला लागून परत आत पडते, त्यामुळं पाणी अजिबात घालायचं नाही, चिकनच सोडतं.

दुसरी गोष्ट, आणि बाबांसाठी ही जास्त महत्त्वाची. दुकानात करी कट सांगू नका. सत्तूर हाडावर बसला की हाडाच्या बारीक कपच्या उडतात. रश्शात त्या खाली बसतात आणि आपण दातानं ओळखतो, पण इथं मांस ओढून सगळं कालवायचं आहे आणि बाबांना दात नाहीत. तिथं उभं राहून सांगायचं की अख्खे लेग दे, सांध्यातून काप, चमडी काढ, तोडू नको. किलोत चार-पाच लेग बसतात.

शार्लटची_नागपूरकर (रविवार, पहाटे ४:३०)

माझं माहेर धरमपेठ, बारा वर्षं झाली नॉर्थ कॅरोलायनात आहे, म्हणजे पुल्ड पोर्कच्या माहेरीच म्हणा ना. आठ तास कुठून आले ते सांगते.

इथं मूळ पदार्थ डुकराचा. राज्याच्या पूर्वेकडं अख्खं डुक्कर लाकडाच्या निखाऱ्यावर रात्रभर ठेवतात आणि वर फक्त व्हिनेगर-मिरचीचं पाणी मारतात. पश्चिमेला लेक्सिंग्टनच्या बाजूला नुसता खांद्याचा तुकडा आणि त्या व्हिनेगरमध्ये थोडं केचप. खाली साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस. तुम्ही बाटलीतला जो गोड, जाड, लालसर-काळा सॉस वापरला तो कॅन्सस सिटीच्या पद्धतीचा. तर हा खांद्याचा तुकडा तीन-चार किलोचा असतो आणि कोलॅजननं भरलेला, त्याला वेळ लागतोच.

स्लो कुकरची गोष्ट आणखी वेगळी आहे. आयर्विंग नॅक्सन नावाच्या माणसाला १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्याच्या आईनं त्याला चोलंटची आठवण सांगितली होती. चोलंट म्हणजे ज्यू लोकांचा कडधान्य आणि मांसाचा पदार्थ, शनिवारी विस्तव पेटवायचा नसतो म्हणून शुक्रवारीच हंडी गावातल्या बेकरीच्या भट्टीत ठेवायची, भट्टी रात्रभर निवत जायची आणि तेवढ्यात ते शिजायचं. पुढं १९७० मध्ये रायव्हल कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ पासून क्रॉक-पॉट नावानं ते घराघरात गेलं. नोकरीवर जाणाऱ्या बायकांनी सकाळी लावून जावं आणि संध्याकाळी आल्यावर जेवण तयार, अशीच त्याची जाहिरात असायची. म्हणजे आठ तास हे ऑफिसचं माप आहे हो, चिकनचं नाही. आणि इथला ब्रेस्टचा एकेक तुकडा पाव किलोच्या वर भरतो, आपल्या ब्रॉयलरचा त्यापेक्षा बराच लहान, तरी इथल्या ब्रेस्टचाही आठ तासांत भुसाच होतो, मी करून बसले आहे.

तुमच्या साडेतीन लिटरमध्ये किलोभर अख्खे लेग लो वर साधारण चार तास. साडेतीन तास झाले की एकदा बघा. लो आणि हाय दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालपर्यंतच पोचतात, हाय लवकर पोचतो एवढाच फरक. लो ला पण वेळ वाढवत नेला तर मांस तितकंच बिघडतं, हे डोक्यात पक्कं ठेवा. आणि मधेमधे झाकण काढू नका, एकदा काढलं की वीस-तीस मिनिटांची गरमी जाते.

चूल_आणि_निखारा (रविवार, सकाळी ८:०५)

राजेहो, मी विरोध म्हणून नाही सांगून राहिलो, पण धूर नाही त्याले बार्बेक्यू कसं म्हणायचं? शार्लटच्या ताईनं सांगितलंच, निखाऱ्यावर रात्रभर. आपल्याकडं रोडगे कसे होतात, गोवऱ्यांच्या विस्तवात, वरून राख लोटून, आतपर्यंत हळूहळू. ती चव ओव्हनमधल्या रोडग्याले येते का? नाही येत. विजेच्या भांड्यात चिकन मऊ होईल, पण त्याले धूर आपल्यालाच द्यावा लागंन.

धुंगार द्या. लाकडी कोळसा घ्यायचा बरं का, दगडी नाही. आपण उमरेड-कामठीच्या खाणीजवळचे लोक, कोणाच्या घरी इस्त्रीसाठी दगडी कोळसा पडलेला असतो, तो अन्नाजवळ न्यायचाच नाही. लाकडी कोळसा गॅसवर लाल होऊ द्या, वरती पांढरी राख दिसली पाहिजे. चिकन ओढून झालं की ते स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, काढा, मधे कांद्याची मोठी पाकळी वाटीसारखी ठेवा, त्यात कोळसा, वर अर्धा चमचा तूप, आणि लगेच घट्ट झाकण. चार-पाच मिनिटं, जास्त नाही, नाहीतर कडू लागते. खिडकी उघडी पाहिजे. आणि स्लो कुकरच्या चिनी मातीच्या भांड्यात हे करू नका, लाल कोळसा पडला तर तडा जाईल.

मनीषनगर_किचन (रविवार, सकाळी ९:२०)

बाप्पा, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे मनापासून आभार. ऑफिसचं माप ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती, मी उगाच रात्रभर ठेवून बसले.

गोकुळपेठ भाऊ, तुमचं कपच्यांचं वाचून अंगावर काटा आला, मी पुढच्या वेळी बोनलेसच्या ऐवजी नेहमीसारखा करी कटच आणणार होते.

आता सॉसचं. बाटलीतला सॉस बाबांना फार गोड लागला, आणि त्यांना बीपी आहे, बाटलीवर मीठ बघितलं तर बरंच होतं. घरी करता येईल का? तिखट कमी पण चव आपली वाटली पाहिजे.

इतवारी_मसाले (रविवार, सकाळी ११:४०)

घरी करा आणि काकवी वापरा. अमेरिकन सॉसमध्ये मोलॅसिस असतं, तो काळसर जळका गोडवा आपल्या काकवीत आहेच, साखरेनं ते येत नाही. काकवी नाही मिळाली तर काळा गूळ.

किलोभर लेगसाठी माझं असं असतं: दोन मोठे कांदे उभे कापून तेलावर चांगले लालसर करायचे, हे गॅसवरच करावं लागतं, दहा मिनिटं सोसा, कारण स्लो कुकरमध्ये काहीच भाजलं जात नाही, कच्चा कांदा टाकला तर शेवटपर्यंत उकडलेल्या कांद्याचा वास येतो. त्यातच आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून. मग चार टमाट्यांची प्युरी जाड होईपर्यंत आटवायची, तीन चमचे काकवी, तीन चमचे व्हिनेगर, एक चमचा मोहरी वाटून, अर्धा चमचा मिरी, एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. चमचा म्हणजे पोह्याचा चमचा. तिखट भिवापुरी घ्या. आपल्याच जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली मिरची आहे, रंग असा चढतो की पापरिकाची आठवण येणार नाही, पण तिखटही आहे म्हणून बाबांसाठी अर्धाच चमचा. मीठ आधी कमी, शेवटी चाखून. मोहरी मात्र वाटल्यावर दहा मिनिटं ओली ठेवा मग टाका, तेव्हा तिचा झणका उठतो.

सावजीची आठवण यायला पाहिजे असेल तर दगडफूल, थोडी खसखस आणि सुकं खोबरं अगदी काळपट होईपर्यंत भाजून वाटा आणि त्यातला एकच चमचा टाका. हलबा कोष्टी लोकांच्या घरचा मसाला आहे तो, त्याच्यात सगळी कमाई भाजण्याची असते. सॉस बिघडवत नाही, खाली कुठंतरी चव राहते आणि जुना माणूस बरोबर ओळखतो.

संत्र्याचा रस पण सुंदर लागतो, पण आत्ता मे मध्ये संत्रं कुठून आणणार, मृग बहार मार्चपर्यंतच. आंबिया बहाराची संत्री आली की, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अर्धा कप रस टाकून पाहा आणि काकवी कमी करा. रस गाळून घ्या, बी किंवा पांढरी साल राहिली तर शिजून शिजून कडू होतं.

वायरमन_दादा (रविवार, दुपारी १:१५)

स्वयंपाकातलं मला कमी कळते पण विजेचं सांगतो, कारण दोन घरी हे प्रकार पाहिले.

पाटीवर वॅट वाचा, या साइजचे कुकर बहुतेक दीडशे ते अडीचशे वॅटचे असतात. २०० धरा, तर पाच तासांत एक युनिट. बिलाची काळजी नको, आणि स्वयंपाकघर तापत नाही म्हणून कुलरवरचा ताण वाचते.

लाईट गेली तर काय, हे मात्र ठरवून ठेवा. गोल बटण फिरवायचा कुकर असेल तर लाईट आल्यावर आपोआप परत सुरू होतो, डिजिटलवाला बहुतेक बंदच राहतो. उन्हाळ्यात वादळ आलं की आपल्याकडं दोन-दोन तास लाईट नसते. घरी असाल तर लगेच सगळं जाड बुडाच्या गंजात ओता आणि गॅसवर मंद आचेवर पूर्ण शिजवा. मातीचं भांडं तसंच गॅसवर ठेवू नका, फुटते. बाहेर गेलेले असाल आणि अर्धं शिजलेलं चिकन किती वेळ कोमट पडलं ते माहीत नसेल तर सरळ फेका. माझ्या बहिणीकडं मायक्रोवेव्हचं घड्याळ शून्यावर आलेलं दिसलं म्हणून कळलं की दुपारी लाईट गेली होती, तिनं अख्खं भांडं टाकून दिलं, बरोबर केलं.

आणि कोणी अमेरिकेतून कुकर आणत असेल तर, शार्लटच्या ताई तुम्ही पण ऐका, तिकडं १२० व्होल्ट, इकडं २३०. नुसती पिन बदलून लावला तर दुप्पट नाही, साडेतीन पटीहून जास्त पॉवर ओढते, दोनशेचा सातशेच्या वर जाते. एका घरी दहा मिनिटांत खालची कॉईल जळाली आणि मातीचं भांडं मधोमध चिरलं. आणायचाच असेल तर सोबत ५०० वॅटचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर पाहिजे, त्याच्यापेक्षा इथलाच घ्या.

सिस्टर_सक्करदरा (रविवार, दुपारी ३:५०)

मी वॉर्डात वयस्कर पेशंटना भरवते, म्हणून दोन शब्द.

दात नसलेल्या माणसाला लांब धागे देऊ नका. मऊ असले तरी ते तोंडात गोळा होतात आणि गिळताना अर्धा धागा घशात अर्धा तोंडात असं होतं, ठसका तिथंच लागतो. काट्यानं ओढून झालं की पाटावर घेऊन सुरीनं आडवं कापा, अर्ध्या इंचाचे तुकडे. धागा दिसतो, चिकन खाल्ल्यासारखं वाटतं, पण अडकत नाही. प्रत्येक घास सॉसनं ओला हवा, आणि बाबांना ताठ बसवून द्या, पलंगावर टेकून नाही.

फ्रीजरमधून काढलेलं गोठलेलं चिकन स्लो कुकरमध्ये कधीच टाकायचं नाही. ५ ते ६० डिग्रीच्या मधे जंतू वाढतात आणि गोठलेलं मांस तिथंच तासन्‌तास रेंगाळतं. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सोडवा. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात, हाडाला न लावता, ७४ च्या वर पाहिजे. ओढण्यासाठी ८५-९० लागेलच, तेव्हा तो प्रश्न येत नाही. उरलेलं या उन्हात तासाभराच्या आत फ्रीजमध्ये, उथळ डब्यात पसरून. तीन दिवस चालेल. गरम करताना गॅसवर वाफ येईपर्यंत, परत स्लो कुकरमध्ये नाही.

हॉस्टेलचा_पोट्टा (रविवार, संध्याकाळी ६:३०)

माझ्याकडं स्लो कुकर नाही, एक शेगडी आणि एक गंज आहे. होईल का? आणि यातच राजमा टाकला तर एकाच भांड्यात जेवण होईल असं वाटून राहिलं.

भाकरवाली (रविवार, संध्याकाळी ७:१०)

होईल रे बाळा. गंजाखाली जुना जाड तवा ठेव, आच अगदी बारीक, झाकणाच्या कडेनं कणकेची वळी लाव. अख्खे लेग पाऊण-एक तासात सुटतात. मधे एकदा गंज हलव, डाव घालू नको. इथं वाफ थोडी जाते म्हणून सुरुवातीला अर्धी वाटी पाणी चालेल. कुकरच्या शिट्ट्या नको, ब्रॉयलरचा पार लगदा होतो. गावरान कोंबडा असेल तर गोष्ट वेगळी, तो खरा या मंद आचेचा, त्याला स्लो कुकरमध्ये सहा-सात तासही लागतात आणि तो भुसा होत नाही.

राजम्याचं मात्र नीट ऐक. कच्चा भिजवलेला राजमा स्लो कुकरमध्ये कधीच टाकायचा नाही. त्यात एक विषारी घटक असतो, तो खळखळत्या उकळीनंच मरतो, मंद गरमीनं नाही. रात्रभर भिजव, पाणी फेक, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळ, मग पुढं काय ते कर. अर्धवट शिजलेल्या राजम्यानं माझ्या वहिनीला आणि भाच्याला रात्रभर उलट्या झाल्या होत्या.

मनीषनगर_किचन (पुढचा रविवार, दुपारी ४:००)

झालं! सगळं जसंच्या तसं लिहिते, म्हणजे पुढं कोणाला लागलं तर.

सकाळी साडेसातला दुकानात उभी राहिले, पाच लेग, एक किलो शंभर ग्रॅम. दुकानदार सवयीनं सत्तूर उचलत होता, मी थांबवलं, म्हटलं दादा सांध्यातूनच. त्यानं शांतपणे सुरीनं काढून दिले. घरी कांदा लाल केला, टमाटे आटवले, इतवारीवाल्यांच्या मापानं सॉस, तिखट अर्धाच चमचा, आणि तो भाजलेला मसाला एक चमचा. पाण्याचा थेंब नाही. ८:२० ला लो वर लावलं आणि झाकणाला हात लावला नाही, काचेतून फक्त थेंब दिसत होते.

११:५० ला उघडलं. तंगडीचं हाड धरून फिरवलं तर फिरलं पण मांडीजवळ अजून धरून होतं, म्हणून आणखी अर्धा तास. १२:२० ला हाड उचललं आणि मांस खालीच राहिलं, हाड कोरडं पांढरं हातात. चार तास बरोबर. शार्लटच्या ताई, तुम्ही इथं असत्या तर डबाच पाठवला असता.

पाणी न घालता खाली दोन कप रस जमला होता! तो गाळून, वरचं तेल चमच्यानं काढून, पसरट कढईत पंधरा मिनिटं आटवला. पळी उलटी केली की मागं थर बसायला लागला तेव्हा बंद केला. ही पायरी कोणी सोडू नका, मागच्या वेळचं पाणीदार सॉसचं दुःख इथंच संपलं. तोवर चिकन दोन काट्यांनी ओढलं, बोटांनी चाचपून कूर्चा आणि बारीक हाड काढलं, तंगडीत एक सुईसारखं बारीक हाड असतं तेही प्रत्येकातलं मोजून पाच काढले. सिस्टरनी सांगितलं तसं पाटावर आडवं कापलं, सॉसमध्ये कालवलं, आणि धुंगार चार मिनिटं. झाकण काढलं तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, कोणी चूल पेटवली का गं?

मुलांनी पावात घालून खाल्लं, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि कच्चा कांदा. बाबांना मऊ भातावर दिलं, बाजूला पावाचा आतला भाग सॉसमध्ये बुडवून. पहिला घास घेतल्यावर ते बोललेच नाहीत. मी समोर बसून होते. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग म्हणाले, दगडफूल टाकलंस. दोन वाट्या संपवल्या त्यांनी, डिसेंबरनंतर पहिल्यांदा ताट पुसून. हात धुवायला उठले आणि परत वळून विचारलं, हाडं कुठं ठेवली? मी म्हटलं ताटलीत आहेत, टाकायची आहेत. तर म्हणे टाकतेस कशाला, आण एक नळी इकडं. आणि खुर्चीवर बसून पाच-सात मिनिटं ती नळी चोखत बसले, डोळे मिटून.

गोकुळपेठ_भाऊ (रविवार, संध्याकाळी ५:२५)

ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. बाकीची हाडं टाकली नाही ना?

मनीषनगर_किचन (रविवार, संध्याकाळी ५:४०)

नाही, फ्रीजमध्ये डब्यात आहेत, जेवण झाल्याबरोबरच ठेवली.

गोकुळपेठ_भाऊ (रविवार, संध्याकाळी ६:०५)

मग रात्री परत त्याच भांड्यात टाका. मातीचं भांडं गार-गरम होऊ देऊ नका, फ्रीजमधली हाडं आधी गॅसवर दीड लिटर पाण्यात उकळून घ्या आणि मग ओता. एक कांदा दोन भाग करून, अद्रकचा तुकडा, चार मिरी, एक चमचा व्हिनेगर, मीठ नको. लो वर आठ तास. इथं आठ तास पाहिजेतच, हाडाला आणि कूर्चेला तेवढा वेळ लागतो. सकाळी गाळून घ्या, फ्रीजमध्ये थिजलं तर समजा जमलं. बाबांना त्यातच भात शिजवून द्या.

मनीषनगर_किचन (रविवार, रात्री १०:५०)

आत्ताच लावून आले. बाबा झोपायच्या आधी दोनदा स्वयंपाकघरात येऊन गेले, झाकणाला हात लावू नका असं सांगावं लागलं त्यांना. सकाळी ७ ला उघडते.